दोन काठांची बेरीज

टिकटिक्या हे काही माझे कारखान्यातले नाव नाही, मित्रांनो. माझ्या खोक्यावर 'हातातले मोजणी यंत्र' असे छापले होते. पण मला मुठीत धरून अंगठ्याने खटका दाबला, की मी 'टिक्' करतो आणि माझ्या चार खिडक्यांपैकी शेवटच्या खिडकीतला आकडा एकाने पुढे सरकतो. म्हणून सगळे मला टिकटिक्याच म्हणू लागले. आता मी जुना झालो आहे. अंगाचे पोलाद काळवंडले आहे, कडेला पोचा आला आहे आणि शून्यावर आणायची चकती फिरवताना कुरकुरते. आकडा मात्र मी कधी चुकलो नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढची हकीकत ऐकताना ते ध्यानात असावे, एवढ्यासाठी सांगतो.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका बाकावर माझी चाके बसवली, दुसऱ्यावर स्प्रिंग, आणि शेवटच्या बाकावर एक चष्मेवाली बाई प्रत्येक यंत्र शंभर वेळा दाबून पाहत असे. शंभराव्या दाबाला खिडकीत शंभर दिसले नाहीत, तर ते यंत्र सरळ भंगाराच्या टोपलीत जायचे. शेजारी बसलेल्या नव्या मुलीला ती म्हणायची, "एक चुकला की पुढचे सगळे चुकलेच समज." मी तिच्या हातून पास झालो.

सुरुवातीची चार वर्षे मी एका गोदामात पोती मोजली. पोत्यांना घाई नसते. ती ढकलाढकली करत नाहीत, 'आमची बस सुटेल' म्हणून ओरडत नाहीत. ते सुखाचे दिवस होते, हे मला फार उशिरा कळले. मग गोदाम बंद पडले आणि इतर सामानाबरोबर एका पेटीतून मी पुलावर आलो.

तो पूल दोन देशांच्या मध्ये होता. खाली खोल दरी आणि तिच्या तळाशी नदी. वर दोन जाड पोलादी तारा, तारांना लटकलेल्या सळया आणि सळयांच्या आधाराने फळ्यांची वाट. दोन माणसांना अंग चोरून एकमेकांना ओलांडता येईल, एवढीच ती रुंद होती. दोन्ही काठांवरच्या गावांत सोयरिकी होत्या. बोली एकच, फक्त सूर वेगळा. बांधणाऱ्यांनी तो पूल पोस्टमनसाठी, शेळ्यांसाठी आणि माहेरी निघालेल्या लेकींसाठी बांधला होता. एका वेळी एकशेवीसपेक्षा जास्त माणसे पुलावर नकोत, असे त्यांनी दगडावर कोरून ठेवले होते. तेव्हा गावकरी हसले होते म्हणे. एकशेवीस माणसे आणायची कुठून?

माणसे आली. दोन्ही सरकारांनी एक दिवसाचा परवाना सुरू केला. सकाळी जा, संध्याकाळी परत या. पलीकडे गरम पाण्याचे झरे होते, अलीकडे मोठा बाजार होता. पहिल्या वर्षी लोक टेम्पोने आले, दुसऱ्या वर्षी बसने, आणि तिसऱ्या वर्षी बसगाड्यांची रांग घाटाच्या वळणापर्यंत पोचली. चार घरांच्या जागी चौदा हॉटेले उभी राहिली. रस्ता तोच राहिला, पाण्याची टाकी तीच राहिली, आणि पूलही तोच.

मला ज्यांच्या गळ्यात काळ्या दोरीने अडकवले, त्यांना सगळे ताई म्हणत. पन्नाशीच्या, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. एकीकडे गप्पा मारत, दुसरीकडे कुणाच्या बुटाची सुटलेली नाडी दाखवत त्या मोजायच्या, पण अंगठा एकदाही अडखळायचा नाही. त्यांचा धाकटा भाऊ पुलाच्या तारांची निगा राखत असे. त्याला गाव तारवाला म्हणे. रोज सकाळी कमरेला दोर बांधून, ग्रीसचा डबा घेऊन तो तारांवरून फिरून यायचा आणि हात पुसत म्हणायचा, "उघड ताई." त्याने तसे म्हटल्याशिवाय ताईंनी कधी साखळी काढली नाही.

पलीकडच्या काठावर एक निवृत्त मास्तर मोजणीला होते. त्यांच्याकडे माझ्यासारखे यंत्र नव्हते. डाव्या खिशात ऐंशी खडे घेऊन ते उभे राहत. एक माणूस गेला की एक खडा उजव्या खिशात. आधी ताई ऐंशी माणसे सोडत. ती पलीकडे पोचली की मास्तर पांढरे निशाण हलवत. मग त्यांची ऐंशी इकडे येत आणि ताई निशाण हलवत. ही पाळीपाळीची रीत कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती. दोघांनी निशाणांच्या खुणांनीच ती ठरवली होती, आणि पूल तिच्यावर सुखाने चालला होता. त्या दिवसांत वर्तमानपत्रात माझे आणि ताईंचे छायाचित्रही आले होते, 'लाखो पाहुण्यांची मोजदाद करणारा अंगठा' म्हणून.

पण मित्रांनो, गर्दीला वाट पाहवत नाही. हॉटेलवाले कुरकुरू लागले, सहलवाले चिडू लागले. मग एके दिवशी दोन्हीकडून हुकूम आला, की आता दोन्ही काठांवरून एकाच वेळी माणसे सोडायची. ताईंनी हुकूम दोनदा वाचला आणि तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. मी गळ्यात होतोच.

"साहेब, इकडचे ऐंशी आणि तिकडचे ऐंशी. पूल मात्र एकच आहे," ताई म्हणाल्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताईंना बसायला सांगितले. "ताई, आपली हद्द पुलाच्या मधल्या पिवळ्या रेघेपर्यंत. तिथवर मर्यादा एकशेवीस, आपण सोडतो ऐंशी. उलट चाळीस कमीच आहेत की!"

"पिवळी रेघ फळ्यांवर मारलीय साहेब. तारेवर नाही."

"पलीकडची माणसं मी कशी मोजणार? ती त्यांच्या कागदावर आहेत."

तेव्हापासून दोन्ही कागदांवर सगळे बरोबर होते, आणि पुलावर रोज एकशेसाठ माणसे होती.

आता तारवाल्याच्या बोलण्यात 'उघड ताई'च्या आधी एक थांबा येऊ लागला. पुलाच्या तारा आमच्या काठावर काँक्रीटच्या एका मोठ्या ठोकळ्यात रोवल्या होत्या. तो ठोकळाच साऱ्या पुलाचा भार धरून होता. त्याच्या डोक्यावरच्या उतारावर नवे वाहनतळ झाले होते. तिथे बसगाड्या धूत, आणि ते पाणी ठोकळ्यामागच्या मातीत मुरत असे. एका सकाळी तारवाला म्हणाला, "ठोकळा आणि खडक यांच्यात फट पडलीय ताई. आगपेटीची काडी जाते." पावसाळ्यानंतर त्या फटीत पेन्सिल जाऊ लागली.

त्याने अर्ज केले. उत्तर आले, की तारा दोन देशांत पसरलेल्या असल्याने एकट्याने दुरुस्ती करता येणार नाही, संयुक्त समितीच निर्णय घेईल. समिती आली, पुलावर उभी राहून फोटो काढून गेली. मग वर्षभर नुसते कागदी घोडे नाचत राहिले. मधल्या काळात पुलावर काहीच झाले नाही असे मात्र नाही. मध्यावर, पिवळ्या रेघेपाशी, पाहुण्यांना फोटो काढता यावेत म्हणून पुरुषभर उंचीची एक रंगीत लाकडी चौकट बसवली. झाले काय, की प्रत्येक जण तिथे थांबू लागला, आणि पुलाच्या नेमक्या मधोमध माणसांची गाठ बसू लागली. तारवाल्याने चौकट पाहिली आणि थेट ठोकळ्याकडे जाऊन फटीत पुन्हा पेन्सिल घालून पाहिली.

पुढे पलीकडच्यांनी मास्तरांना घरी बसवले आणि त्यांच्या जागी आपोआप उघडणारे फाटक आणले. हिरवा दिवा लागे, ऐंशी माणसे आत जात, तांबडा दिवा लागे. दहा मिनिटांनी पुन्हा हिरवा. मला त्या फाटकाचा राग नाही, मीही यंत्रच आहे. पण माझा खटका दाबायला एक अंगठा होता, आणि त्या अंगठ्यामागे दोन डोळे होते.

मग तो दिवस आला. दोन्ही देशांना एकाच दिवशी सुट्टी होती. सकाळी दहालाच आमच्या बाजूची रांग बाजाराच्या टोकाला लागली होती. हवा गच्च होती, वारा पडला होता. एरवी पूल वाऱ्याने हलायचा. त्या दिवशी तो वाऱ्याशिवाय हलत होता.

आधीची माणसे उतरून पूल रिकामा झाला, तेव्हा ताईंनी मला शून्यावर आणून नवी तुकडी सोडायला सुरुवात केली. एक, दोन, दहा, तीस. पलीकडच्या फाटकावर तांबड्या अक्षरांत ऐंशीचा आकडा लागलेला दिसत होता. चौकटीपाशी दोन्हीकडची माणसे अडकली होती आणि कुणीच उतरत नव्हते. मी बावन्नवर होतो, तेव्हा तारवाला धापा टाकत आला. तो ताईंच्या कानाशी वाकून म्हणाला, "करंगळी जाते, ताई. सकाळी जात नव्हती."

ताईंनी साखळी लावली.

रांगेतून एकच गिल्ला झाला. एक सहलवाला पुढे आला. "अहो ताई, बावन्नच झालेत! मी मोजलेत!"

"तुम्ही इकडचे मोजलेत."

"माझी चाळीस माणसं उन्हात उभी आहेत. चारला परतीची बस आहे!"

"बस चुकली तर दुसरी मिळेल," ताई शांतपणे म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. "साखळी सोडू नकोस. जे जे परत येतील ते मोज. एकही सोडू नको."

"आणि तू?"

"दहा मिनिटांत त्या फाटकाचा दिवा पुन्हा हिरवा होईल. त्याला ओरडून सांगितलेलं कळणार आहे का?"

त्या पुलावर निघाल्या. मी त्यांच्या छातीवर आपटत होतो आणि मला त्यांच्या काळजाची धडधड मोजता आली असती. पण त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. "मंडळी, पलीकडे थोडं काम निघालंय. जो काठ जवळ, त्या काठावर चला. धावू नका. फोटो नंतर." कुणी हसले, कुणी वैतागले. एकाने विचारले, "काही झालंय का?" ताई म्हणाल्या, "होऊ नये म्हणून चाललेय." माणसांची गाठ हळूहळू सुटू लागली. अंग चोरून सगळ्यांच्या पुढे जात ताई पलीकडच्या काठावर पोचल्या.

मास्तर नोकरी गेल्यावरही रोज फाटकासमोरच्या पायरीवर येऊन बसत. ताईंना एकट्याच येताना पाहून ते उठले. आधी त्यांनी बाहेर पडायचे दार सताड उघडले.

"ताई, आज पाळी तुमची की माझी?"

"आज कुणाचीच नाही मास्तर."

मास्तर फाटकात आडवे उभे राहिले. दिवा हिरवा झाला, फाटक उघडले, मागून लोकांनी रेटा दिला, पण सत्तर वर्षांचा तो काटकुळा माणूस दोन्ही खांबांना धरून उभा राहिला. "शाळा सुटलेली नाही! मागे व्हा!" असा तो ओरडला, आणि काय आश्चर्य, माणसे मागे झाली. इकडे ताईंनी मला शून्यावर आणले आणि दारातून बाहेर येणाऱ्या प्रत्येकासाठी मला दाबू लागल्या. शेवटचा माणूस बाहेर आला, तेव्हा माझ्या खिडकीत एकाहत्तर होते.

आमच्या काठावर तारवाल्याने पांढरे निशाण उंचावले. एकदा उंचावले की दहा माणसे उतरली, ही त्यांची जुनी खूण. त्याने ते सहा वेळा उंचावले आणि खाली ठेवले.

"इकडे एकाहत्तर, तिकडे साठ," ताई म्हणाल्या.

मास्तर फाटकातूनच म्हणाले, "एकशेएकतीस. गेले होते किती?"

"माझे बावन्न, तुमचे ऐंशी. एकशेबत्तीस."

मित्रांनो, त्या दोन काठांची बेरीज त्या दिवशी पहिल्यांदा झाली, आणि ती एकाने कमी भरली.

पुलावर तर कुणीच दिसत नव्हते. ताईंचे लक्ष त्या रंगीत चौकटीकडे गेले. तिच्या खालच्या रुंद फळीआड बसलेला एक माणूस मावला असता. त्या पुन्हा पुलावर चढल्या. मास्तर काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आले नाही.

चौकटीमागे एक म्हातारे गृहस्थ फळीवर बसून होते. एका सळईला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली होती आणि डोळे घट्ट मिटले होते.

"आजोबा, उठा."

"पाय उचलत नाहीत हो. हे सगळं हलतंय. बायको पुढे गेली, तिला वाटलं मी मागून येतोय."

"मग चला, ती शोधत असेल."

"मला नाही जमणार. तुम्ही जा."

ताई त्यांच्यापुढे खाली बसल्या. "आजोबा, मी मोजणीवाली आहे. माझा एक कमी भरतोय. तुम्ही नाही आलात तर माझा आकडा चुकतो, आणि माझा आकडा आजवर चुकला नाही. डोळे मिटलेलेच ठेवा. माझ्या पदराचं टोक धरा. मी दाबीन तेवढीच पावलं टाका."

त्यांनी माझा खटका दाबला. टिक्. आजोबांनी एक पाऊल टाकले. टिक्. दुसरे. मी आयुष्यात पोती मोजली, माणसे मोजली, पावले त्या दिवशीच मोजली. आम्ही चौकटीपासून आमच्या काठाकडे चाळीस पावले आलो असू, तेव्हा मागे काहीतरी तुटल्याचा खणकन आवाज झाला. आजोबांनी मिठी मारलेली सळई वरच्या तारेतून निसटून दरीत गेली होती. ती खाली आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. फळ्या एका अंगाला कलल्या.

"काय झालं?" आजोबांनी विचारले.

"काही नाही. पुढचं पाऊल," ताई म्हणाल्या. त्यांचा अंगठा घामाने माझ्यावरून घसरत होता, पण थांबला नाही.

त्या दोघांनी जमिनीवर पाय ठेवला, तेव्हा तारवाल्याने बहिणीला धरले आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. पुलावरून उतरलेल्या माणसांतून एक म्हातारी बाई धावत आली आणि आजोबांना रागे भरू लागली.

आणि पूल? पूल पडला नाही, मित्रांनो. तो तसाच लटकत राहिला, एक सळई कमी, जरासा तिरका. तिथेच ताईंचे चुकले.

पूल पडला असता, तर त्यांची आठवण राहिली असती. तो उभा राहिला, म्हणून त्यांची चौकशी झाली. साहेबांनी विचारले, "पूल पडला का?"

"नाही साहेब."

"मग दोन देशांचा दिवसभराचा प्रवास कुणाच्या हुकमाने थांबवला?"

"करंगळी जात होती, साहेब."

साहेबांनी ते लिहून घेतले नाही. करंगळी हे माप कुठल्याच तक्त्यात नव्हते. वर्तमानपत्रात आले, की एका महिला कर्मचाऱ्याने घबराट पसरवली. हॉटेलवाल्यांनी निषेध केला. पूल तीन दिवस बंद होता. नवी सळई बसली, फटीवर सिमेंट थापले, ठोकळ्याला निळा रंग दिला. ताईंना कामावरून काढले आणि आमच्या काठावरही हिरव्या-तांबड्या दिव्यांचे फाटक लागले. आता एका वेळी प्रत्येक बाजूने शंभर माणसे सोडतात. तारवाल्याला मात्र ठेवले आहे, कारण त्या तारांवर चढायला दुसरे कुणी तयार नाही.

मी सरकारी मालमत्ता, म्हणून ताईंनी मला सही करून परत दिले. देताना त्यांनी पदराने मला पुसले. आता मी फाटकाशेजारच्या कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर असतो. कारकून मला कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवतो. त्या कागदांत तारवाल्याचे अर्ज आहेत. दर आठवड्याला तो एक आणून देतो, कारकून मला उचलतो, अर्ज ठेवतो आणि मला त्यावर ठेवतो. आजवर अकरा झाले. शेवटच्यात लिहिले आहे, की नव्या सिमेंटला तडा गेला असून आत दोन बोटे जातात.

तुम्ही लहान आहात. तुम्हाला कुणी तारा ओढायला किंवा ठोकळे बांधायला सांगणार नाही. पण तुम्ही फिरायला जाल, पूल ओलांडाल, होडीत बसाल, डोंगरावरच्या गच्चीवर उभे राहाल. तेव्हा जागा पाहून खुश व्हा, पण तिला किती पेलते तेही विचारा. आपल्या बाजूचा आकडा बरोबर आला म्हणून हात झटकू नका. समोरून कितीजण येत आहेत ते पाहा. आणि कुणी तुम्हाला थांबवून 'आज नको' म्हणाले, तर त्याच्यावर चिडण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहा.

ताई रोज येतात. आता त्यांना फाटकाच्या आत येता येत नाही, म्हणून रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात आणि जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, "पलीकडून किती सुटलेत, माहीत आहे का?" बहुतेक जण त्यांना वेडी समजून पुढे जातात. आज सकाळी एका कुटुंबातली मुलगी मात्र थांबली. तिने वडिलांचा हात ओढला. "बाबा, खरंच, किती सुटलेत?" वडिलांनी ताईंकडे पाहिले, पुलाकडे पाहिले, मग बायकोशी काहीतरी बोलले. आणि ते चौघे रांगेतून बाहेर पडून बाजाराकडे परत गेले.

त्यांची जागा लगेच मागच्या चौघांनी घेतली. आमचा दिवा हिरवा झाला. पलीकडचाही झाला. आणि माझ्याखालचे टेबल, त्यावरच्या अकरा अर्जांसकट, बारीक थरथरू लागले.